संत डिंफ्नाचे गाव : बुद्धी हरपलेल्यांच्या सेवेचा इतिहास

एखाद्या धर्मग्रामाचा ज्युबिली-उत्सव आला म्हणजे त्याच्या इतिहासाची आठवण होते. आणि इतिहास म्हटला की देवळाचा पाया कोणी घातला, घंटा केव्हा चढविली, वेदी कोणाच्या देणगीतून उभी राहिली, कोणकोणते धर्मगुरू येथे होऊन गेले, अशी यादी आपल्या डोळ्यांसमोर येते. ही माहिती जतन करून ठेवणे अवश्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेचा इतिहास केवळ दगडचुन्याचा नव्हे. देवळाच्या भिंतींच्या आत जी प्रार्थना झाली तिच्या योगाने भिंतींबाहेरच्या घराघरांतून काय घडले, हाही इतिहासच होय. किंबहुना तोच अधिक मोलाचा. या दृष्टीने बेल्जम देशातील एका लहानशा नगराची हकिकत आपल्या धर्मग्रामबंधुभगिनींस सांगण्याचे योजिले आहे. त्या नगराचे नाव गेल. तेथील एका देवळाच्या छायेत, बुद्धी हरपलेल्या परक्या माणसांस आपल्या घरात, आपल्या पंक्तीस बसविण्याची रीत निर्माण झाली आणि ती शतकानुशतके टिकून राहिली.

ही हकिकत केवळ नवलाची म्हणून सांगावयाची नाही. आपल्याही घराघरांतून ज्यांची स्मृती हळूहळू मावळत चालली आहे असे आईबाप, आजीआजोबा आज आहेत, आणि त्यांची सेवा करणारी माणसे बहुधा एकटीच ते ओझे वाहत आहेत. गेलच्या इतिहासात त्यांच्यासाठी एक बोध आहे. तो कोणता हे क्रमाने पाहू.

आख्यायिका

संत डिंफ्ना हिचे चरित्र असे सांगतात. सातव्या शतकात आयर्लंडमधील एका मूर्तिपूजक राजास एक कन्या होती. तिची आई ख्रिस्ती होती आणि मुलगीही ख्रिस्ती धर्मात वाढली. पुढे राणी निवर्तली. शोकाने राजाची बुद्धी भ्रष्ट झाली. राणीसारखीच दुसरी स्त्री हवी असा त्याने हट्ट धरला, आणि तशी कोठेच न मिळाल्यामुळे त्या अभाग्याची दृष्टी स्वतःच्याच मुलीकडे वळली. डिंफ्ना आपले वृद्ध पापनिवेदन-गुरू गेरेबेर्नुस यांच्यासह समुद्र ओलांडून गेल येथे येऊन राहिली. बापाने माग काढला. त्याच्या माणसांनी गुरूंचा वध केला, आणि मुलगी परत येण्यास राजी होईना तेव्हा राजाने स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला.

हे चरित्र कांब्रे येथील पेत्रुस नावाच्या एका धर्मपंडिताने तेराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, लोकांच्या तोंडून ऐकून लिहिले. तेव्हा त्यातील प्रत्येक तपशिलास इतिहासाचा आधार आहे असे कोणीही जाणता म्हणणार नाही. तथापि एका गोष्टीकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. जगभरचे भाविक जिला मनोरुग्णांची कैवारीण मानतात ती संत स्वतः मनोरुग्ण नव्हती. ती मनोरुग्णाची मुलगी होती. घरातील एका माणसाची बुद्धी गेली की त्याचे दुःख सर्व घरास कसे भोगावे लागते, हे तिने सोसले. म्हणून गेलच्या देवळात प्रारंभापासून रोग्याबरोबर त्याच्या नातलगांनाही जागा मिळाली, यात आश्चर्य ते काय!

देवळाची खोली अपुरी पडली

संत डिंफ्नाच्या अवशेषांच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू बुद्धी बिघडलेल्या आप्तांस घेऊन येऊ लागले. इ. स. १३४९ मध्ये तिच्या नावाचे मोठे देवळ बांधावयास आरंभ झाला. पंधराव्या शतकात देवळास लागूनच रोग्यांसाठी एक खोली होती. तेथे रोग्याने नऊ दिवस राहावयाचे, प्रार्थना व प्रायश्चित्त करावयाचे, देवळास प्रदक्षिणा घालावयाच्या, आणि संतेच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत जावयाचे, असा नोव्हेनाचा विधी असे. इ. स. १४८९ मध्ये देवळ आगीत सापडले. ते पुन्हा बांधण्यात आले, परंतु यात्रेकरूंचा ओघ थांबला नाही.

नऊ दिवस संपत. कित्येकांस बरे वाटे, कित्येकांस वाटत नसे. ज्यांस गुण येत नसे त्यांनी आणखी नऊ दिवस थांबावे, परंतु खोलीत जागा कोठली? तेव्हा देवळाच्या धर्मगुरूंनी शेजारच्या गावकऱ्यांस सांगितले की, या माणसास तुमच्या घरी ठेवून घ्या. गावकऱ्यांनी ठेवून घेतले. नऊ दिवसांचे नऊ महिने झाले, महिन्यांची वर्षे झाली. नातलग खर्च पाठवीत. रोगी घरातल्या माणसांबरोबर जेवी, शेतात जाई, गुरे राखी, पोरे खेळवी. अशा रीतीने, कोणी एका पुरुषाने बसून योजना आखली नसता, देवळातील जागा अपुरी पडली एवढ्याच कारणाने, एका महान दयाकृत्याचा जन्म झाला.

त्या कोरड्या रेताड प्रदेशातील शेतकरी काही धनवान नव्हते. घरी आणखी दोन हात आले आणि थोडा पैसाही आला, हा त्यांचा लाभ होता, हे लपविण्याचे कारण नाही. ज्या दानधर्मात देणाऱ्यासही थोडे काही मिळते तो अधिक काळ टिकतो, ही गोष्ट परोपकाराच्या संस्था चालविणारास ठाऊक असते. परंतु नुसत्या पैशासाठी माणूस परक्याचा आक्रोश रात्रभर ऐकत बसत नाही. गेलच्या घरांतून असे पाहुणे आईबापांकडून मुलांकडे, मुलांकडून नातवंडांकडे जणू वारशाने गेले. एकाच घरात कोणी पन्नास वर्षे काढली आणि शेवटी त्या घरच्यांनीच त्यांस मूठमाती दिली.

त्या लोकांच्या भाषेत या माणसांस एक नाव आहे: कोस्तगांगर. त्याचा अर्थ आपल्याकडे जेवावयास असलेला मनुष्य. वेडा नव्हे, रोगी नव्हे, जेवणकरी. पुढे वैद्यकाची व्यवस्था आल्यावरही घरच्यांस रोगाचे शास्त्रीय नाव सांगण्याचा प्रघात नव्हता. याला रात्री झोप येत नाही, त्याला गर्दीची भीती वाटते, तिला एकाच बाजूच्या खुर्चीवर बसू द्यावे लागते, एवढे कळले की घरच्यांस पुरे होई. माणसाचे नाव त्याच्या रोगावरून पडावे की त्याच्या पंक्तीतील स्थानावरून, या प्रश्नाचे उत्तर त्या शेतकऱ्यांनी शास्त्रार्थ न करता देऊन ठेवले.

या चित्राची काळी बाजू

इतिहासलेखकाने केवळ गोडवे गाऊ नयेत. गेल येथे सर्व काळ सर्व काही ठीक होते असे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत देवळाचा कारभार मोडला आणि धर्मगुरूंची देखरेख संपली. परंतु घरांतून रोगी ठेवण्याची रीत मोडली नाही. इतकेच नव्हे तर १८०३ साली फ्रेंच अधिकारी पोंतेकुलां यांनी ब्रुसेल्स शहरातील वेड्यांस तेथील कोंदट आश्रयगृहातून काढून गेलला पाठविले. रोग्यांची संख्या वाढली, देखरेख करणारा मात्र कोणी उरला नाही.

१८२१ साली पॅरिसचे विख्यात मनोरोगवैद्य एस्किरोल गेलला आले. वेडी माणसे रस्त्यातून व शेतांतून मोकळी फिरत आहेत आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, हे पाहून त्यांस अचंबा वाटला. परंतु त्याचबरोबर काहींच्या पायांत बेड्या आहेत हेही त्यांच्या नजरेस आले. बेल्जमचेच नामांकित वैद्य गिस्लें यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. घरमालक चांगला असला तर रोग्याचे नशीब. तो क्रूर किंवा लोभी असला तर रोग्यास विचारणारे कोण, हा आक्षेप खोटा नव्हता.

त्या आक्षेपास उत्तर मिळाले ते महत्त्वाचे आहे. गेलची घरे बंद करून सर्वांस भिंतींच्या आड कोंडावे असे ठरले नाही. १८५० च्या कायद्यान्वये बेल्जम सरकारने ही वसाहत आपल्या देखरेखीखाली घेतली. वैद्य नेमले, गावाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागास फिरता परिचारक दिला, आणि १८६२ साली गावात एक रुग्णालय उघडले. रोग्यास घरी पाठविण्यापूर्वी त्याची तेथे पारख होई. घरी तो अनावर झाला किंवा आजारी पडला तर काही दिवस त्यास रुग्णालयात नेत, आणि बरे वाटल्यावर पुन्हा त्याच घरी आणून सोडीत. घरच्यांस ठरलेला मोबदला मिळे, त्यांच्याकडे नियमाने फेरी होई, आणि अडचणीच्या रात्री कोणाचे दार ठोठवावयाचे हे त्यांस ठाऊक असे.

गेलच्या यशाचे खरे गमक येथे आहे, असे आमचे मत आहे. प्रेमळ घर ही अर्धी गोष्ट झाली. त्या घराच्या पाठीशी उभे राहणारे कोणी असणे, ही उरलेली अर्धी. पूर्वी ती पाठराखण देवळाने केली. देवळाची व्यवस्था मोडताच रोग्यांच्या पायांतील बेड्यांचा हिशेब घेणारे कोणी राहिले नाही. रुग्णालय व फिरते परिचारक आले तेव्हा ती उणीव भरून निघाली.

उत्कर्ष आणि उतार

१९०२ साली अँटवर्प येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गेलच्या पद्धतीची वाखाणणी झाली. १९३८ साली तेथील घरांतून ३७०० हून अधिक पाहुणे राहत होते. त्यानंतर मात्र उतार लागला. नवी औषधे निघाल्यामुळे पुष्कळ रोगी आपापल्याच घरी राहू शकले, ही आनंदाची गोष्ट. पण शेती कमी झाली, कुटुंबे लहान झाली, स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडल्या, हीही कारणे आहेत. आज अशा पाहुण्यांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे. तरीही रीत बंद पडलेली नाही, आणि २०२३ साली युनेस्को या जागतिक संस्थेने, वारसा उत्तम रीतीने जतन करणाऱ्या उपक्रमांच्या सूचीत गेलच्या या परंपरेचा समावेश केला.

गेलचे अनुकरण इतरत्रही झाले. त्यांपैकी एक उदाहरण आपल्या विषयास अगदी लागून आहे. १८९२ साली फ्रान्समधील द्यूं-स्यूर-ओरों या गावी डॉक्टर ओग्यूस्त मारी यांनी गेलच्या धर्तीवर अशीच वसाहत सुरू केली. तेथील गावकऱ्यांच्या घरी प्रथम ज्यांस आणले त्या पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळांत खितपत पडलेल्या शांत स्वभावाच्या म्हाताऱ्या बायका होत्या. वार्धक्यात त्यांची स्मृती व बुद्धी गेली होती, एवढाच त्यांचा रोग.

जुन्या काळी वेड्यांच्या गर्दीत अशा वृद्धांस निराळे ओळखणारे कोणी नव्हते. १९०६ साली जर्मन वैद्य आल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूची परीक्षा करून तिची बुद्धी कोणत्या विकृतीमुळे गेली ते विद्वानांपुढे मांडले, आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी त्या रोगास आल्झायमर यांचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाचे हे सर्वांत अधिक आढळणारे कारण. म्हणजे हा देवाचा कोप नव्हे, पिशाचबाधा नव्हे, करणी नव्हे, आणि म्हाताऱ्या माणसाचा हट्टही नव्हे. हा मेंदूचा रोग आहे.

आपल्या घरी

आपल्या भाषेत साठी बुद्धी नाठी अशी म्हण आहे, आणि म्हातारचळ असा शब्दही आहे. दोन्ही हसण्यावारी नेण्यासाठी वापरतात. परंतु ज्या घरात आई पोटच्या मुलास कोण हा म्हणून विचारते, जेवून उठलेले वडील मला कोणी जेवावयास दिले नाही म्हणून शेजाऱ्यास सांगतात, मध्यरात्री आजी कडी काढून तिच्या लहानपणीच्या घरी जावयास निघते, त्या घरात कोणास हसू येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील माणसांपैकी शेकडा ७.४ जणांस, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि शहरांपेक्षा खेड्यांत, त्याचे प्रमाण अधिक आढळले.

आपल्याकडे गेलसारख्या वसाहतीची गरज नाही, आमची माणसे आमच्याच घरी असतात, असे कोणी अभिमानाने म्हणेल. ते खरे आहे, आणि ती आपल्या कुटुंबसंस्थेची थोरवी आहे. बेन सिरा याच्या ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, पित्याची समज उणावली तरी पुत्राने त्यास सांभाळून घ्यावे, असा उपदेश आहे. तो आपले लोक वाचल्यावाचूनच पाळतात. पण आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन नेताना धर्मगुरूंच्या दृष्टीस जे पडते तेही सांगितले पाहिजे. घर भरलेले असते, पण सेवा करणारी व्यक्ती एकच असते, बहुधा सून किंवा अविवाहित मुलगी. तिला कित्येक महिन्यांत रविवारचा मिस्सा मिळालेला नसतो. आलेल्या पाहुण्यासमोर सासूबाई काही भलते बोलतील म्हणून मधले दार लोटून घेतलेले असते. लोकलज्जेने घर शेजाऱ्यांपासून तुटते, आणि शेजारी संकोचाने घरापासून तुटतात. गेलच्या शेतकऱ्यास परक्या रोग्यासाठी जो आधार मिळाला, तो आपल्या सुनेस स्वतःच्या सासूसाठी मिळत नाही. आपल्याकडे घर आहे. घराच्या पाठीशी कोणी नाही.

असा आधार देणे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले आहे काय? आहे, आणि त्याचा पुरावा दूर बेल्जमात शोधावयास नको. आपल्या शेजारच्या गोव्यात दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत याची रीतसर परीक्षा झाली, आणि तिचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रोगी आहे अशा घरी स्थानिक साध्या माणसांस थोडे शिक्षण देऊन पाठविले. ती वैद्य नव्हती. त्यांच्या पाठीशी मात्र मनोरोगवैद्य होते. सहा महिने ती माणसे नियमाने त्या घरी जात, रोग कसा आहे हे समजावून सांगत, रोगी चिडला तर काय करावे ते दाखवीत, आणि सेवा करणाऱ्याचे दुःख ऐकून घेत. रोग्याची स्मृती त्यामुळे परत आली नाही. तशी ती येतही नाही. परंतु सेवा करणाऱ्या नातलगांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे हलका झाला. गेलमध्ये शतकांच्या अनुभवाने जे कळले तेच येथे शास्त्रीय कसोटीवर उतरले.

धर्मग्रामाने काय करावे

येथे मोठी इमारत बांधण्याची किंवा निधी उभारण्याची गोष्ट नाही. गेलचा आरंभ एका भरून गेलेल्या खोलीतून झाला. आपला आरंभ आठवड्यातील दोन तासांतून होऊ शकेल. प्रत्येक वाडीतील दोघा-तिघांनी ठरवून अशा घरी जाऊन बसावे, म्हणजे सेवा करणाऱ्या बाईस देवळात, बाजारात किंवा नुसते माहेरी जाऊन येता येईल. बसावयास जाणाऱ्याने प्रश्न विचारून म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घेऊ नये. मी कोण ते सांगा पाहू, असा खेळ तर मुळीच करू नये. आपले नाव आपणच सांगावे, आणि जपमाळ काढावी. मुलाचे नाव विसरलेली आई नमो मारिया शेवटपर्यंत बरोबर म्हणते, हे अनेकांनी अनुभवले आहे. लहानपणी जे ओठांवर आले ते फार उशिरा ओठांवरून जाते.

दुसरे असे की, विसराळूपणा वाढू लागला म्हणजे हे वयाचेच आहे असे म्हणून स्वस्थ बसू नये. थायरॉइड ग्रंथीच्या विकाराने, बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही स्मृती मंदावते, आणि त्यांवर इलाज आहेत. वैद्यास दाखविणे हा अविश्वास नव्हे. गेलच्या देवळाजवळ शेवटी रुग्णालय उभे राहिले हे विसरू नये.

तिसरे असे की, अशा वृद्धांस देवळात आणावयास लाजू नये. मिस्सा चालू असता कोणी मध्येच बोलले, उठून चालू लागले, तर शेजारच्याने हात धरून बसवावे आणि मागे वळून पाहू नये. गेलच्या रस्त्यांवर एस्किरोल यांस जो अचंबा वाटला तो हाच की, कोणी वळून पाहत नव्हते. जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी, संत ज्योकिम व संत आन्ना यांच्या सणाच्या सुमारास, २०२१ पासून ख्रिस्तसभा आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन पाळते. त्या दिवशी स्मृती हरपलेल्या वृद्धांस व त्यांच्या सेवेकऱ्यांस पहिल्या बाकांवर बसवावे, अशी आमची सूचना आहे.

बाप्तिस्म्याने आत्म्यावर उमटलेली मुद्रा पुसली जात नाही, अशी आपली श्रद्धा आहे. ज्यास स्वतःचे नाव आठवत नाही त्याचेही नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, आणि ती वही याच देवळात आहे. ज्यांनी या देवळासाठी पाट्या वाहिल्या, सणास तोरणे बांधली, आपल्याला क्रुसाची खूण करावयास शिकविली, त्यांच्यापैकी कित्येकांस आज त्यातले काही आठवत नाही. त्यांच्या वतीने ते आठविणे हे आपले काम. ज्युबिली म्हणजे स्मरण. आणि ज्यांचे स्मरण गेले त्यांस पंक्तीस घेतल्यावाचून ते स्मरण पुरे होणार नाही. संत डिंफ्नाच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या प्रत्येक घरास धीर देवो, आणि प्रत्येक घराच्या पाठीशी एक शेजारी उभा करो.